चिंच लावली आणि सम्राट गेला

लेस्टरला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात एका विक्रेत्याकडून रोमन ब्राँझची दहा नाणी घेतली, साफ न केलेली, मातीसकट. कुठे सापडली विचारलं तर त्याला धड सांगता येईना. तेव्हाच परत करायला हवी होती, पण मोह.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवली. "चिंच-मीठ लाव रे, लख्ख निघतील." देव्हाऱ्यातली भांडी ती तशीच घासते. मी एक घासलं. पाच मिनिटांत गुलाबी तांबं वर आलं आणि चेहरा गेला! सोळाशे-सतराशे वर्षं मातीत राहिल्यावर वरचा धातू गंजून त्याचा थर होतो, आणि नाक-डोळे, अक्षरं सगळं त्या थरातच असतं. आंबटाने तो विरघळतो. मीठ तर आणखी वाईट. त्यातल्या क्लोराइडमुळे पुढे फिकट हिरवी भुकटी धरते आणि नाणं आतून पोखरत जातं.

उरलेली नऊ डिस्टिल्ड वॉटरमध्ये टाकली. आठवड्याला पाणी बदलायचं, ते चहासारखं व्हायचं. नळाचं चालत नाही, त्यात क्लोरीन. तीन महिन्यांनी एक बाहेर काढलं आणि भिंगाखाली बांबूच्या टूथपिकने माती उकरायला बसलो. सुई वापरायची नाही, ओरखडा कायमचा राहतो.

नाणं १७ मिलिमीटरचं, आपल्या रुपयापेक्षाही लहान. आधी मागच्या बाजूला दोन भाले दिसले, मग दोन सैनिक. त्यांच्या मध्ये ध्वज किती, यावर सगळं अडलेलं: दोन असतील तर नाणं साधारण इसवी सन ३३० ते ३३५ मधलं, एकच असेल तर त्यानंतरचं. तास गेला. दोन निघाले. कडेने 'ग्लोरिया एक्झर्सिटस', म्हणजे सैन्याचा गौरव.

पुढच्या बाजूला '...नुस', मग आय-व्ही-एन. यू हे अक्षर ते व्हीसारखंच कोरत, म्हणजे 'युन', ज्युनियर. हा थोरला सम्राट कॉन्स्टंटाईन (लॅटिनमध्ये कॉन्स्टंटिनुस) नव्हेच, त्याच नावाचा मुलगा! वडिलांच्या हयातीत युवराज, आणि ३४० मध्ये भाऊबंदकीत धाकट्या भावावर चाल करून गेला तो मारला गेला.

सैनिकांच्या पायाखाली एस, एम, के. के म्हणजे किझिकस, आजच्या तुर्कस्तानात मार्मारा समुद्राकाठची टांकसाळ. त्यापुढचं, टांकसाळीतल्या कुठल्या कारखान्यात पाडलं ते सांगणारं अक्षर झिजलंय, ते काही लागलं नाही.

बाकीची आठ अजून पाण्यात आहेत.