सूर धरून ठेवणारे पुरुष

वेल्समध्ये राहायचं आणि मेल व्हॉइस क्वायर, म्हणजे फक्त पुरुषांचा गायकवृंद, ऐकायचा नाही, असं होतच नाही. रग्बीचा सामना असो, लग्न असो नाहीतर अंत्यविधी, ब्लेझर-टाय घातलेले पुरुष रांगेत उभे राहून गाताना दिसतातच. पण परवा दक्षिण वेल्समधल्या ऱ्होंदा खोऱ्यातल्या एका जुन्या चॅपलमध्ये, म्हणजे प्रार्थनाघरात, ऐकलेला कार्यक्रम अजून डोक्यातून जात नाही. विषयच होता पुरुष आणि त्यांचं हळवेपण. दोन गाण्यांच्या मधे क्वायरमधला एकेक जण पुढे येऊन थोडं बोलायचा. बायको गेल्यावर एकट्यापुरता केलेला स्वयंपाक, मुलाशी कित्येक वर्षं बंद असलेलं बोलणं, खाण बंद पडल्यावर रोज सकाळी उठून करायचं काय हा प्रश्न. बोलून झालं की तो परत आपल्या जागेवर जायचा आणि पुढचं गाणं सुरू.

हा सगळा कोळशाचा मुलूख. याच खोऱ्यातल्या ट्रिऑर्की गावचा नामवंत क्वायर १८८३ सालचा. दिवसभर जमिनीखाली राबायचं आणि संध्याकाळी तालमीला यायचं, अशी ही परंपरा. स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची स्वरलिपी, न येणारे कामगारही टॉनिक सोल्फावर, म्हणजे आपल्या सारेगमसारख्या अक्षरांवर, चार भागांची अवघड गाणी बसवत. त्यांचं सगळ्यात लाडकं गाणं ‘मवॅन्वी’. ते १८७५ साली जोसेफ पॅरीने स्वरबद्ध केलं. हा पॅरी मर्थर टिडविल या वेल्समधल्याच गावचा, स्वतः नवव्या वर्षी खाणीत कामाला लागलेला. प्रेयसीने झिडकारलेला पुरुष तिच्यावर डूख धरत नाही, ती सुखी राहो म्हणतो आणि निरोपापुरता तिचा हात मागतो, एवढंच त्या गाण्यात आहे. आणि ते गातात कोण, तर खाणीतून बाहेर आलेली माणसं.

परवा तेच गाणं चालू असताना मागच्या रांगेतल्या सेकंड बासमधल्या, म्हणजे सगळ्यात खालचा सूर धरणाऱ्यांतल्या, एका आजोबांचा आवाज थांबला. ओठ हलत होते, पण गळा दाटला होता. मी अगदी बाजूच्या बाकावर होतो, म्हणून दिसलं. शेजारच्याने त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. फक्त स्वतःचा आवाज किंचित भरीव केला. पलीकडच्यानेही तेच केलं. समोर बसलेल्यांना काही कळलंसुद्धा नाही, सूर जागचा हलला नाही. दोन ओळींनंतर आजोबा पुन्हा सुरात आले.

नंतर चहा घेताना एका टेनरशी, म्हणजे वरच्या पट्टीत गाणाऱ्याशी, बोललो. त्याने सांगितलं, लांब सुरावर सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नसतो. शेजारी घेतो तेव्हा आपण धरून ठेवायचं, मग आपण घ्यायचा. क्वायरच्या शिक्षणातला हा पहिल्या दिवसाचा धडा. मला तेव्हापासून वाटतंय की या पुरुषांना रडता येतं ते याच्यामुळे. आपण थांबलो तरी गाणं थांबणार नाही, ही खात्री त्यांना असते. अॅबरवान या इथल्या खाणगावात २१ ऑक्टोबर १९६६ रोजी खाणीच्या मातीचा ढिगारा शाळेवर कोसळला. १४४ माणसं गेली, त्यात ११६ मुलं. त्यानंतर गावातल्या पुरुषांनी एकत्र येऊन अनिसओवेन क्वायर सुरू केला. त्या बापांनी आणखी कुठे जायला हवं होतं?

सोबत आलेला ऑफिसमधला मित्र परतताना म्हणाला, “तुमच्याकडे पुरुष असं काही दाखवत नसतील ना?” ते मला लागलं. त्याला वारी सांगितली. देवाला माउली म्हणणारे, एकमेकांच्या पाया पडणारे शेतकरी सांगितले. ज्ञानोबांच्या विरहिणी सांगितल्या, ज्या आमचे मिशीवाले बुवा बाईच्या तोंडून आलेल्या शब्दांत पिढ्यान् पिढ्या गात आलेत. बुवांचा गळा भरून आला की मागचे टाळकरी ध्रुपद उचलून धरतात, हेही सांगितलं. यांची परंपरा दीडशे वर्षांची, आपली सातशेच्या वर. यांच्या चॅपलमध्ये प्रेक्षक बाकावर बसून ऐकतात, आपल्याकडे सगळा गावच गातो. यात मी काही वाढवून सांगितलं नाही.

पण आपल्याकडे जे काही बोलायचं ते विठ्ठलाशी बोलतात, हेही खरं. माझे वडील भजनात डोळे पुसायचे आणि घरी आल्यावर दुधाचा हिशेब विचारायचे. फोनवर आम्ही बाप-लेक हवापाण्यापलीकडे जात नाही. तब्येत विचारतो, पैसे पोचले का विचारतो. आमचं एकमेकांना कळतं, शब्दांची गरज पडत नाही, असं मी मानतो. इतक्या लांबून आणखी काय बोलणार?

आता इथल्या बऱ्याच क्वायरमध्ये माणसं कमी होत चाललीत. खाणी गेल्या, चॅपलं विकली गेली, तरुण मुलं कार्डिफला कामाला येतात. हे मला मनापासून वाईट वाटतं. तुमच्यापैकी कुणी इकडे येणार असेल, तर कार्डिफचा किल्ला बघाच, पण एक संध्याकाळ राखून ठेवा. कितीतरी क्वायर तालमीला पाहुण्यांना बसू देतात, आधी विचारलं की झालं. कार्यक्रमापेक्षा तालीम ऐका, आणि शक्यतो सेकंड बासच्या जवळची जागा धरा.