खंडेनवमीची तोरणं

कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीत दसऱ्याचं तोरण विकत आणायची पद्धत नव्हती. पैशाचा प्रश्न नव्हता. विकतचं तोरण लावलेल्या दाराकडं येता-जाता बायका अशा काही बघायच्या की घरधनीण पुढच्या वर्षी आपण होऊन सुई-दोरा घेऊन हजर व्हायची.

खंडेनवमीला दुपारची जेवणं उरकली की महिला मंडळाच्या आम्ही सगळ्याजणी तालमीच्या हॉलमध्ये जमायचो. तालीम पोरांची, पण त्या दिवशी अर्धी आमची. एका भिंतीकडं पोरं दांडपट्टे, तलवारी, लाठ्या तेलाचा हात फिरवून पूजेला मांडत असायची आणि दुसरीकडं जुन्या लुगड्यावर झेंडूचा ढीग. आदल्या रात्री अष्टमीची अंबाबाईची नगरप्रदक्षिणा बघून उशिरा आलेल्या बायका जांभया देतच ओवायला बसायच्या. पहिला चहा होईपर्यंत कुणाचंच तोंड उघडत नसे. त्यानंतर मात्र बंद होत नसे.

फुलं एकदम आणायची, वर्गणी काढून. परतीचा पाऊस त्या दिवसांत हमखास गाठायचा आणि फुलं भिजलेली यायची. तशीच ओवली तर रात्रीत आतून काळी पडतात, म्हणून आधी पंख्याखाली पसरायची. आंब्याचे टाळे ज्याच्या परड्यात झाड असेल तो द्यायचा. पन्हाळ्याकडं माहेर असलेल्या दोघी-तिघी भाताच्या लोंब्या आणायच्या. त्यांना त्या दिवशी फार भाव असे आणि त्या तो करूनही घेत.

सगळ्यांवर हुकूमत आक्कांची. फूल हातात घेतलं की अंगठ्यानं खालचा देठ दाबून बघायच्या. मऊ लागलं की बाजूच्या बुट्टीत, म्हणजे त्याच्या पाकळ्या रांगोळीला. ‘‘देठाकडनं टोच गं, मधोमध काढ. बाजूनं टोचलंस तर सकाळपर्यंत मान टाकतंय.’’ फुलं एकमेकांना खेटून बसवायची, कारण झेंडू सुकला की आकसतो आणि मग मधला दोरा उघडा पडतो. गोधडीचा दोरा दुहेरी, दाभण गोणी शिवायचा. पान नुसतं देठात टोचलं तर लोंबतं राहतं. आक्का ते मधोमध दुमडून खराट्याच्या हिरानं टाचायच्या, त्यामुळं तोरणाला भरगच्चपणा यायचा. चौकटीचं माप टेपनं घेतलेलं त्यांना खपत नसे. सुतळी चौकटीला लावायची, वर दोन्हीकडं हातभर सोडायची, की झालं माप.

तालमीचं बांधकाम काढलं त्या वर्षी ही बैठक आमच्या सोप्यात आली आणि मग आमच्याकडंच राहिली. यजमानीण झाल्यावर कळलं, यात ओवणं हे सगळ्यांत सोपं काम. निम्म्या जणींचे नवरात्राचे उपास, त्यांना साबुदाण्याची खिचडी. बाकीच्यांना भडंग, वर चिरलेला कांदा. त्यात एखादीच्या घरी खंडेनवमीचा तांबडा-पांढरा चुलीवर असायचा, तिचं लक्ष सारखं घड्याळाकडं. चहाला गंगावेशीतनं म्हशीचं दूध आणून ठेवायचं, ते संध्याकाळपर्यंत कधीच पुरलेलं नाही.

एका वर्षी शाहूपुरीतली माझी शाळेतली मैत्रीण आली. त्यांच्याकडं नाताळात दारावर हिरव्या डहाळ्यांचं गोल चक्र लावतात. तिनं पिशवीतनं तारेचं कडं काढलं. आंब्याची चार-चार पानं आणि एक झेंडू अशी जुडी करायची, कड्यावर ठेवून बारीक तारेनं घट्ट गुंडाळायची. पुढची जुडी अशी ठेवायची की मागचीचे देठ झाकले जातील. सगळ्या जुड्या एकाच दिशेनं, आणि शेवटची पहिलीच्या पानांखाली सरकवायची. हे शेवटचं काम दिसतं तेवढं सोपं नाही, बोटं सोलतात. चक्र झालं झकास. आक्कांनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, ‘‘दाराला नको. रिक्षाला बरं दिसंल.’’

गल्लीतल्या रिक्षावाल्यांनी ते ऐकलं. कोल्हापूरचा रिक्षावाला आपली रिक्षा लेकीसारखी सजवतो, त्याला असलं निमित्त पुरतं. संध्याकाळपर्यंत कडी करायला तार कमी पडली. तेव्हापासून दारांना तोरण आणि रिक्षांना चक्र असा रिवाजच पडला. डिसेंबरात आम्ही तिच्याकडं जातो. तिथं झेंडू नाही, सुरूच्या डहाळ्या आणि लाल फिती. आक्का एकदाच आल्या होत्या. केक दोनदा मागून खाल्ला आणि तिच्या सासूला देठ झाकायचा धडा देऊन आल्या.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी तोरणं चढायची आणि दुपार कलली की सगळी गल्ली दसरा चौकाकडं. अंबाबाई, तुळजाभवानी आणि गुरुमहाराज यांच्या पालख्या, छत्रपतींची ती जुनी मेबॅक मोटार, मग सूर्यास्ताला सोन्याची पूजा आणि आपट्यासाठी उडणारी झुंबड. बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याच्या फांद्या विकतात, ते मला बघवत नाही. एक पान द्यावं, तेवढ्यानं मन भरत नसेल तर गुळाचा खडा द्यावा.

आता आक्का ओवत नाहीत, डोळे साथ देत नाहीत. खुर्चीत बसून फुलं निवडतात, आणि अंगठा अजून तसाच चालतो. नव्या सुना तोरणात ऑर्किड घालतात, कुणी लोकरीची फुलं आणतं. प्लॅस्टिकचं मात्र मी चालू देत नाही, घर माझं आहे. तालीम बांधून झाली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हॉल मोठा आहे, फरशी गुळगुळीत आहे, पंखे चार आहेत. पोरं दर वर्षी म्हणतात, ‘‘काकू, या की परत.’’ आम्ही हो म्हणतो. मग नवमीला सगळ्याजणी आमच्याच सोप्यात येऊन टेकतात, आणि तालमीच्या दाराचं तोरण न्यायला पोरांनाच यावं लागतं. आली की भडंग खाऊन जातात, त्यामुळं त्यांचीही फारशी तक्रार नाही.