बास्केटबॉलच्या सराव हॉलची फरशी

आज दिवसभर डोक्यात एकच विषय: मेपल या कठीण लाकडाची फरशी. एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला संघ शिकागो बुल्स 2014 पासून युनायटेड सेंटर या आपल्या सामन्यांच्या स्टेडियमशेजारीच सराव करतो. त्याआधी पार डीअरफील्ड या उपनगरात. अशा ठिकाणी लोक वजनं आणि बर्फाचे टब बघत बसतात. खरी गंमत पायाखाली असते.

मेपल हवेतली ओल पितं. आर्द्रता साधारण 35 ते 50 टक्क्यांत धरावी लागते. वर गेली की फळ्या फुगून कडा उचलतात. शिकागोच्या हिवाळ्यात हीटिंगने हवा कोरडी पडली की फटी दिसायला लागतात. खालचा आधार सैल झाला तर तिथे चेंडू मेल्यासारखा उसळतो. पण फरशीला शिव्या घालण्याआधी चेंडूची हवा बघा: दाब 7.5 ते 8.5 पीएसआय (पाउंड प्रति चौरस इंच).

रोज रुंद कोरडा मॉप. पाणी ओतायचं नाही, म्हणजे नाहीच! धूळ राहिली की बूट सरकतो आणि गुडघा जातो.

आखणीत सूट नाही. कोर्ट 50 फूट रुंद, कोपऱ्यातली थ्री-पॉइंट रेषा (जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण) रिंगच्या मध्यापासून 22 फुटांवर, म्हणजे बाहेरच्या रेषेपर्यंत जेमतेम 3 फूट. एवढ्या चिंचोळ्या पट्टीत पाय ठेवायची सवय सरावातच लागते.