सात राज्यांचं बंड: दोन लाखांची फौज उपाशी कशी पडली

इ.स.पू. १५४ मध्ये चीनच्या हान सम्राटाविरुद्ध त्याच्याच घराण्यातले सात राजे उठले. ही गोष्ट सांगताना सुरुवात हटकून एका खेळाच्या पटापासून होते. वू राज्याचा युवराज राजधानी छांगआनला आला होता. सम्राटाच्या युवराजाबरोबर ल्यूबो खेळताना बाचाबाची झाली आणि यजमानानं पटच उचलून हाणला. पाहुणा जागीच गेला. प्रेत वूला पाठवलं, तर बाप ल्यू बी यानं ते तसंच परत धाडलं: सगळं राज्य एकाच ल्यू घराण्याचं, छांगआनला मेला तर छांगआनलाच पुरा. पुढे तो आजारपण सांगून दरबारात फिरकला नाही. सम्राट वेननं वाद वाढवला नाही. त्याला टेकायचा पाट आणि हातातली काठी पाठवून दिली, म्हणजे वय झालं, आता येऊ नका. पट हाणणारा युवराज पुढे सम्राट जिंग झाला.

भाऊबंदकी खरी, पण मूळ दुखणं महसुलाचं होतं. घराण्याचा संस्थापक ल्यू बांग यानं पूर्वेकडचा मुलूख भाऊ, मुलं आणि पुतण्यांना राज्यं म्हणून वाटला आणि स्वतःच्या थेट ताब्यात पंधराएक सुभे ठेवले. ल्यू बी हा त्याच्या भावाचा मुलगा. इ.स.पू. १९५ मध्ये त्याला ३ सुभे आणि ५३ शहरं मिळाली, राजधानी ग्वांगलिंग, म्हणजे आजचं यांगचौ. डोंगरात तांबं आणि दाराशी समुद्र. तांब्याची नाणी पाडायची, समुद्राचं पाणी आटवून मीठ काढायचं, आणि त्या उत्पन्नावर राज्य चालवून प्रजेला डोईपट्टी माफ करायची. इतर सुभ्यांतून पळालेले गुन्हेगार तिथे आश्रयाला येत आणि त्यांना बाहेर काढायला कोणी धजत नसे.

(नावांचा घोळ आधीच मिटवू. राज्य वू, छूच्या राजाचं नाव ल्यू वू, ल्यांगच्या राजाचंही ल्यू वू. चिनी लिपीत तिन्ही अक्षरं वेगळी, देवनागरीत एकच. म्हणून पुढे या दोघांना राज्याच्या नावानंच ओळखू.)

सम्राट जिंगचा मंत्री छाओ त्सुओ याचं म्हणणं सरळ होतं: मुलूख कापला तरी हे राजे बंड करणार, नाही कापला तरी करणार. आत्ता कापला तर बंड लवकर होईल आणि नुकसान कमी. मग एकेकाच्या चुका काढून कापाकापी सुरू झाली. छूच्या राजानं राजमातेच्या सुतकात बाईशी संबंध ठेवला, त्याचा एक सुभा गेला. झाओचा एक सुभा गेला, ज्याओशीचे ६ परगणे गेले. वूच्या मिठाच्या आणि तांब्याच्या सुभ्यांवर हुकूम निघाला, तसा ल्यू बी उठला. बरोबर छू, झाओ, ज्याओशी, ज्याओदोंग, झीछ्वान आणि जीनान. छीच्या राजानं आधी होकार देऊन नंतर अंग काढून घेतलं. जीबेईच्या राजाला त्याच्याच अधिकाऱ्यानं नजरकैदेत ठेवलं, म्हणून तो वाचला.

ल्यू बीचा भरतीचा हुकूम असा: माझं वय ६२, मी स्वतः निघालोय. माझा धाकटा मुलगा १४ वर्षांचा, तोही निघालाय. या दोन वयांमधल्या प्रत्येक पुरुषानं निघायचं. दोन लाखांवर माणूस जमला. बक्षिसांचं दरपत्रकही फिरवलं: हानचा सरसेनापती मारला किंवा धरला तर ५,००० जिन सोनं आणि १०,००० घरांची जहागीर, दुसऱ्या फळीच्या सेनापतीला ३,००० जिन आणि ५,००० घरं. जिन म्हणजे साधारण पाव किलो.

पैसा होता, माणसं होती. मोहिमेचा आराखडा मात्र चुकला. ह्वान नावाच्या तरुण सरदारानं सांगितलं होतं: आपलं पायदळ, त्याला अडचणीचा मुलूख बरा, हानचे रथ आणि घोडदळ, त्यांना सपाटी बरी. वाटेतली शहरं घेत बसू नका. धाव घेऊन ल्वोयांगचं शस्त्रागार आणि आओचं धान्यकोठार गाठा. म्हाताऱ्या सरदारांनी त्याला पोरकट ठरवलं. वूचा सेनापती थ्येन लूबो यानं ५०,००० माणसं मागितली, यांगत्सी आणि ह्वाय नद्यांच्या कडेनं जाऊन दक्षिणेच्या वू खिंडीतून (वू राज्याशी हिचा संबंध नाही) आत शिरतो म्हणाला. वूचा नवा युवराज बापाला म्हणाला, आपण स्वतः बंडखोर. दुसऱ्याच्या हातात फौज दिली आणि तोच उलटला तर? सगळी फौज एका वाटेनं निघाली आणि वाटेत आडवं आलं ल्यांग.

ल्यांगचा राजा सम्राटाचा सख्खा भाऊ. पहिल्या लढाईत त्याची हजारो माणसं पडली आणि तो स्वेयांगच्या तटाआड गेला. स्वेयांग म्हणजे आजचं शांगच्यू. ते न पडता पुढे जावं तर पाठीवर शत्रू, थांबावं तर रोजचा दाणागोटा. माणशी दिवसाला एक किलो धान्य धरा, दोन लाखांना रोज २०० टन होतात. तेही खालून, ह्वाय आणि सी नद्यांच्या बाजूनं यायचं.

छांगआनमध्ये सम्राट घाबरला. पूर्वी वूचाच प्रधान राहिलेल्या युआन आंगनं सुचवलं, बंडखोर छाओ त्सुओचं डोकं मागतायत, देऊन टाका. छाओला बाजारातून फेरी आहे असं भासवून गाडीत बसवलं आणि दरबारी पोशाखातच पूर्व बाजारात कमरेतून दोन तुकडे केले. मग युआन आंग तहाला गेला, तर ल्यू बी हसून म्हणाला, मी आता पूर्वेचा सम्राट, मुजरा कुणाला करू?

हानचा सेनापती झोऊ याफू याचं काम खरं पाहण्यासारखं आहे. नेहमीची पूर्वेची वाट घाटातून जायची. झाओ शे नावाच्या माणसानं त्याला अडवून सांगितलं, तिथे मारेकरी बसलेत; दक्षिणेच्या वू खिंडीतून वळसा घाला, एक-दोन दिवसच जास्त लागतील. झोऊनं ऐकलं. ल्वोयांगला पोचल्यावर घाटात माणसं पाठवली, तर वूचे दबा धरलेले लोक खरंच सापडले. मग त्यानं छांगयीला तळ टाकला, खंदक खोल केले, तट उंच केले आणि गप्प बसला. ल्यांगचा राजा रोज मदत मागतोय, हा हलत नाही. सम्राटाचं फर्मान आलं, तरी हलला नाही. ल्यांगवर वूची फौज झिजू द्यायची, हे त्यानं सम्राटाशी आधीच बोलून ठेवलं होतं. हलवलं ते फक्त हलकं घोडदळ. ह्वाय आणि सीच्या संगमावर जाऊन त्यांनी वू आणि छूच्या फौजांची रसद तोडली.

आता घाई वूला झाली. स्वेयांग पडेना, म्हणून फौज झोऊवर वळली. तो लढाईच देईना. एका रात्री त्याच्याच छावणीत घबराट उडाली, शिपाई आपापसात भिडत सेनापतीच्या तंबूपर्यंत आले. तो अंथरुणातून उठला नाही. थोड्या वेळानं सगळं निवलं. नंतर वूची माणसं आग्नेय कोपऱ्यावर धावून आली, तेव्हा त्यानं वायव्येचा बंदोबस्त वाढवला. खरा हल्ला वायव्येलाच आला आणि तिथेच अडला. उपाशी फौज फुटून मागे वळली, तेव्हा झोऊ पहिल्यांदा तटाबाहेर पडला.

ल्यू बी काही हजार माणसांनिशी यांगत्सी ओलांडून पळाला. दोंगओवच्या ज्या लोकांचा आसरा धरला, त्यांना हाननं फोडलं होतं. फौजेची पाहणी करायला बाहेर आला आणि भाल्यानं मारला गेला. छूच्या राजानं आत्महत्या केली. पहिल्या महिन्यात सुरू झालेलं बंड तिसऱ्या महिन्यात आटोपलं. झाओचा राजा तेवढा आपल्या राजधानीच्या, हानतानच्या तटाआड आणखी तग धरून होता, शेवटी नदीचं पाणी सोडून तट पाडावा लागला. पुढे इ.स.पू. १४५ मध्ये राजांचा कारभाराचा अधिकारच काढला, अधिकारी केंद्र नेमू लागलं.

यात भलतंच फळफळलेलं एक घर सांगायलाच हवं. मोहिमेवर निघालेल्या हानच्या सरदारांना कर्ज हवं होतं. त्यांच्या जहागिरी पूर्वेला, जिंकणार कोण ते माहीत नाही, म्हणून सावकार हात आखडून बसले. एकट्या वूयान घराण्यानं दसपट व्याजावर १,००० जिन सोनं दिलं. तीन महिन्यांत हान जिंकले आणि वूयान राजधानीच्या मुलखातल्या सगळ्या धनिकांच्या तोडीचे झाले.

झोऊ याफू पुढे प्रधान झाला. ल्यांगच्या राजानं मात्र ती न आलेली मदत विसरली नाही आणि दरबारात आईजवळ त्याच्याविरुद्ध बोलत राहिला. म्हातारपणी झोऊच्या मुलानं बापाच्या अंत्यविधीसाठी सरकारी कारखान्यातून ५०० चिलखतं आणि ढाली घेतल्या, हमालांची मजुरी दिली नाही, त्यांनी तक्रार केली. आरोप ठेवला बंडाचा. झोऊ म्हणाला, ही पुरायची सामग्री आहे. अधिकारी म्हणाला, जमिनीवर नसेल करायचं बंड, जमिनीखाली करणार असशील. इ.स.पू. १४३ मध्ये कोठडीत पाच दिवस त्यानं अन्नाला शिवलं नाही, आणि रक्ताची उलटी होऊन मेला.