दिवे घाटातले धृपद

पुण्यातले दोन मुक्काम गर्दीतच सरले. पालखी विठोबाच्या दर्शनाची रांग आणि भवानी पेठेतला चिखल एवढेच ध्यानात राहिले. हडपसर मागे पडेपर्यंत डाव्या टाचेला फोड आला होता. वडकीला दिंडी जेवायला बसली, तेव्हा शेजारच्या बाईंनी पिठले वाढून घेता घेता सहज विचारले, "आडनाव काय तुमचं?" मी सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पत्रावळ उचलून जरा पलीकडे सरकल्या. माझी आई झाडूवाली होती. पालख्या पुढे गेल्यावर रस्त्यावर उरलेल्या अशाच पत्रावळी तिने वर्षानुवर्षे उचलल्या, आणि त्या दिवसांत रजा मिळत नसल्याने वारी मात्र तिला कधी घडली नाही.

घाट लागल्यावर मी मुद्दाम मागे रेंगाळले. माझा आवाज भसाडा. शाळेत समूहगीताच्या वेळी बाई मला नुसते ओठ हलवायला सांगत. परभणीकडच्या एका आजींनी मात्र न विचारताच टाळांची दोरी माझ्या गळ्यात अडकवली आणि म्हणाल्या, "धर गं, मनगट दुखायलंय माझं." येत नाही म्हटले, तर म्हणाल्या, "पाय टाकायला येतंय की, मग पायावरच वाजीव."

वीणेकऱ्यांनी चोखोबांचा 'ऊस डोंगा' धरला. त्यांनी चरण सोडला की धृपद आमचे, आणि धृपदात माझा आवाज मलाही वेगळा ऐकू येईना. चढावर श्वास तुटला तरी ओळ तुटत नव्हती, कारण माझी राहिलेली अक्षरे शेजारची म्हणत होती. पुढच्या रांगेत त्या सरकलेल्या बाई डोळे मिटून तेच धृपद आळवत होत्या. मला संताप आला. ज्यांची समाधी महाद्वारापाशी, मंदिराबाहेर आहे आणि ज्यांच्या जातीला ते दार १९४७ साली साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले, त्यांचे शब्द यांच्या तोंडी इतके गोड कसे लागतात? तरीही टाळ थांबले नाहीत, आणि पुढच्या वळणावर टाचेचा विसर पडला होता.

सासवडला आजींनी फोडातून सुईदोरा ओवून पाणी काढले आणि दोरा तसाच आत ठेवला. टाळ परत घेताना म्हणाल्या, "डावा हात ढिला पडतोय तुझा. जेजुरीच्या वाटेला नीट धर."