११८ पौंडांच्या आत

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये बँटमवेट गटाची कमाल मर्यादा ११८ पौंड, म्हणजे ५३.५२ किलो असते. हौशी बॉक्सिंगमध्ये मी ५४ किलो गटात खेळत होतो. त्यामुळे व्यावसायिक होण्याचा विचार बोलून दाखवला तेव्हा पुण्यातल्या आमच्या क्लबात बहुतेकांनी असेच मत दिले की वजनाचा प्रश्नच उद्भवत नाही, अर्धा किलो तर सरावाच्या एका सत्रात घामावाटे निघून जातो. कागदावर हे बरोबर होते. प्रत्यक्षात व्यावसायिक बँटमवेटचा हिशेबच निराळा असतो, आणि परवान्याच्या अर्जापासून पहिल्या लढतीपर्यंतचा माझा बहुतेक काळ तो हिशेब समजून घेण्यात गेला. या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुलांना उपयोग व्हावा म्हणून तो अनुभव येथे मांडतो आहे.

मुळात हा निर्णय का घेतला, ते आधी सांगायला हवे. आमच्या पिढीने बँटमवेट पाहिला तो अखिल कुमारच्या रूपाने : २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेतील त्याचे सुवर्णपदक आणि २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये त्याने विश्वविजेत्या सर्गेई वोदोप्यानोव्हवर मिळवलेला विजय. तेव्हा या गटाची मर्यादा ५४ किलो होती. २०१२ साली लंडनमध्ये शिव थापा उतरला तोवर ती ५६ झाली होती. पुढे टोकियो ऑलिम्पिकमध्ये पुरुषांसाठी ५२ नंतर थेट ५७ किलोचा गट ठेवण्यात आला आणि पॅरिससाठी ५१ नंतर ५७ चा. जागतिक स्पर्धांत ५४ किलोचा गट परत आला, ऑलिम्पिकच्या यादीत मात्र पुरुषांसाठी त्याला जागा मिळाली नाही. माझ्या अंगकाठीच्या बॉक्सरपुढे त्यामुळे दोनच वाटा उरल्या : अंगावर चरबी नसताना आणखी तीन किलो उतरवायचे, किंवा वीतभर उंच प्रतिस्पर्ध्यांसमोर ५७ मध्ये उभे राहायचे. व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र ११५, ११८ आणि १२२ पौंड असे लागोपाठचे गट आहेत. २०१५ मध्ये विजेंदर सिंग व्यावसायिक झाल्यापासून हा मार्ग आपल्याकडे अनोळखीही राहिलेला नव्हता.

परवान्यासाठीचा सर्वांत मोठा भाग वैद्यकीय तपासण्यांचा होता. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांच्या रक्तचाचण्या, ईसीजी, बाहुल्या मोठ्या करून केलेली डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय, असा एकूण व्याप होता. राज्य संघात असताना अशा गोष्टी संघटना पाहते. येथे खर्चही आपला आणि धावपळही आपलीच असते. एमआरआय नुसता सोपस्कार म्हणून उरकण्याची काहींची वृत्ती असते, ती मला मान्य नाही. वेल्सचा बँटमवेट जॉनी ओवेन १९८० मध्ये लॉस एंजेलिसला ल्यूपे पिंतोरविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या लढतीत बाराव्या फेरीत कोसळला, तो पुन्हा शुद्धीवर आलाच नाही. त्याची कवटी असाधारण नाजूक होती, हे मृत्यूनंतर कळले. शिवाय पहिल्या लढतीपूर्वीची ही प्रतिमा पुढच्या प्रत्येक तपासणीच्या वेळी तुलनेसाठी लागते, म्हणून तिची मूळ प्रत जपून ठेवावी.

एक किरकोळ वाटणारी, पण वेळखाऊ बाब नावाची. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम असतो. एका तपासणी केंद्राने आडनाव आधी छापले आणि वडिलांचे नाव गाळले, त्यामुळे पारपत्रावरील नावाशी अहवाल जुळेना आणि ते सारे दुरुस्त करून आणावे लागले. परवाना, रक्ताचे अहवाल, करार आणि बॉक्सरेक या बॉक्सरांच्या लढतींची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळावरील नोंद या सर्वांत नाव एकाच रीतीने लिहिलेले असावे. लढती जुळवणारे लोक प्रथम बॉक्सरेकवरची नोंदच पाहतात आणि परदेशी लढतीच्या परवानगीच्या वेळी हीच कागदपत्रे पुन्हा मागितली जातात.

यानंतर करार आला. चार फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटांची, आठ औंसांचे ग्लोव्ह्ज, वजन ११८ पौंडांच्या आत, वजने लढतीच्या आदल्या दिवशी. मानधनाची रक्कम सांगण्याजोगी नव्हती आणि रिवाजाप्रमाणे तिच्यातील दहा टक्के प्रशिक्षकांचे. माझ्या सरांनी ते घेतले नाहीत, हा भाग वेगळा. करारातील महत्त्वाचे कलम वजन चुकल्यास काय, याचे असते. त्यात दंडाची रक्कम, ती कोणाला मिळणार आणि प्रतिस्पर्ध्याला लढत नाकारण्याचा हक्क आहे की नाही, हे स्पष्ट लिहून घ्यावे.

या कलमाचे मोल कळण्यासाठी २०१८ मधील टोकियोची लढत आठवावी. मेक्सिकोचा लुईस नेरी हा डब्ल्यूबीसी या जागतिक संस्थेचा बँटमवेट विजेता शिन्सुके यामानाकाविरुद्धच्या दुसऱ्या लढतीपूर्वी वजनकाट्यावर चढला तेव्हा तो मर्यादेपेक्षा तब्बल पाच पौंडांनी जड होता, आणि दुसऱ्या संधीनंतरही तीन पौंड जास्तच राहिले. त्याचा किताब काट्यावरच गेला, परंतु लढत झाली आणि दुसऱ्याच फेरीत तो जिंकला. नियम पाळून वजन उतरवलेल्या यामानाकाची कारकीर्द तेथे संपली. त्याच वर्षी मे महिन्यात नेमके उलटेही घडले. ब्रिटनचा उंचापुरा जेमी मॅकडॉनेल खोल गेलेले डोळे आणि गाल घेऊन कसाबसा ११८ मध्ये बसला आणि दुसऱ्या दिवशी नाओया इनोउएपुढे पहिली फेरीही पूर्ण करू शकला नाही. सरांनी मला या दोन्ही लढती शेजारी शेजारी दाखवल्या आणि मर्यादेच्या दोन्ही बाजूंचा धोका समजावला.

आता मूळ हिशेबाकडे येतो. हौशी स्पर्धेत ज्या दिवशी लढत, त्या दिवशी सकाळी वजन द्यावे लागते, आणि अंतिम फेरीपर्यंत गेल्यास हे पुन्हा पुन्हा होते. त्यामुळे ५४ किलोचा हौशी बॉक्सर एरवीही ५५-५६ च्या आसपासच असतो. व्यावसायिक लढतीत वजन आदल्या दिवशी होते आणि मध्ये साधारण चोवीस ते तीस तास मिळतात. या अवधीत प्रतिस्पर्धी चार-पाच किलो परत मिळवून रिंगमध्ये येतो. म्हणजे ११८ पौंड हे त्या दिवसाचे वजन असते, लढणाऱ्या माणसाचे नव्हे. जगज्जेतेपदाचे किताब देणारी आयबीएफसारखी संस्था किताबाच्या लढतीच्या सकाळी दुसरे वजन घेते आणि मर्यादेवर दहा पौंडांपेक्षा अधिक वाढ मान्य करत नाही. पण नवख्यांच्या चार फेऱ्यांच्या लढतीला असले संरक्षण सहसा नसते. मी एरवी ५५.५ किलोचा असल्यामुळे मला जास्त उतरवावे लागणार नव्हते, परंतु समोरचा माझ्याहून जड असणार हे ठरलेलेच होते. म्हणून सरांनी आधी काही महिने माझे वजन वाढवून घेतले. ताकदीचे व्यायाम वाढवून आणि जेवण मोजून मी ५८ च्या जवळ आलो, आणि तेथून खाली येण्याचे नियोजन सुरू झाले. आईला हे शेवटपर्यंत पटले नाही. आधी मुद्दाम खायला लावायचे आणि मग उपाशी ठेवायचे, यात कसले शास्त्र आहे, असे तिने सरांनाच विचारले. सरांनी तिला वही उघडून दाखवली, तरी तिचे समाधान झाले नाही.

त्या वहीत रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापिण्यापूर्वी घेतलेले वजन लिहिलेले असे. त्याबरोबर रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर किती फरक पडतो, याचीही नोंद असे. श्वास, घाम आणि लघवी यांतून माझे रात्रीत अर्धा किलोहून थोडे अधिक जाते, हे त्यातूनच कळले. ही संख्या प्रत्येकाची वेगळी असते, आणि ती माहीत असली की शेवटच्या रात्री विनाकारण घाम गाळावा लागत नाही. घरच्या काट्यावर विसंबू नये. मी क्लबातल्या वीस किलोच्या प्लेट ठेवून आमचा काटा तपासला आणि सगळा हिशेब पौंडांतही लिहू लागलो, कारण वजनाच्या दिवशी आकडा पौंडांतच पुकारला जातो.

पहिले किलो आहार थोडा कमी करून सावकाश उतरले. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. शेवटच्या चार-पाच दिवसांत मात्र एरवीच्या चांगल्या सवयी उलट कराव्या लागल्या. ज्वारीची भाकरी, उसळी, पालेभाज्या आणि कोशिंबिरी यांतील चोथा आतड्यांत वजन धरून राहतो, म्हणून त्या बंद करून थोडा पांढरा भात, अंडी आणि चिकन एवढेच ठेवले. मीठही कमी केले, लोणचे-पापड तर दूरच. शरीरात साठलेल्या ग्लायकोजेनबरोबर, म्हणजे साठवलेल्या साखरेबरोबर, त्याच्या सुमारे तिप्पट पाणी धरलेले असते, म्हणून भाताचे प्रमाण घटवले की पाणी आपोआप उतरते. पाणी पिणे आधी वाढवून शेवटच्या दिवशी घोटांवर आणले. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेण्याचा सल्ला एका अनुभवी मानल्या जाणाऱ्या खेळाडूने दिला होता, तो आम्ही ऐकला नाही. अशी औषधे ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या प्रतिबंधित यादीत आहेत आणि त्यांच्याबरोबर शरीरातले क्षारही जातात. वजनानंतर शिरेतून सलाइन घेण्याबद्दलही तेच. बारा तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त घेतल्यास, रुग्णालयातील उपचारासारखे मोजके अपवाद वगळता, तो नियमभंग ठरतो.

वजने हॉटेलच्या सभागृहात झाली. आयोजकांचा काटा आधी तपासून पाहण्याची मुभा असते, ती घ्यावी. मी आदल्या संध्याकाळीच तपासून घेतले होते, त्यामुळे रात्री शांत झोपलो. ११७.६ पौंड पुकारले गेले. प्रतिस्पर्धी बरोबर ११८. छायाचित्रांसाठी समोरासमोर उभे राहिलो तेव्हा तो माझ्यापेक्षा कोरडा पडलेला दिसला, आणि खरे सांगायचे तर मला त्याची काळजीही वाटली.

तेथून पुढचे तास वजन उतरवण्याइतकेच शिस्तीचे असतात. तहान लागली म्हणून एकदम लिटरभर पाणी ढोसले तर ते अंगी लागत नाही. ओआरएस घोट घोट, तासाभराने मऊ भात आणि वरण, संध्याकाळी चिकन आणि बटाटा, असे ठरल्याप्रमाणे घेतले. तेलकट आणि तिखट काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी ५७ च्या वर होतो. प्रतिस्पर्धी पट्ट्या बांधण्याच्या खोलीत दिसला तेव्हा त्याचे खांदे आदल्या दिवशीच्या माणसाचे वाटत नव्हते. हाताला गॉज आणि टेप बांधताना अधिकारी समोर उभा असतो आणि बांधून झाल्यावर त्यावर सही करतो. हा विधी मला मनापासून आवडला.

लढतीबद्दल थोडक्यात सांगतो. दहाऐवजी आठ औंसांच्या ग्लोव्ह्जचा फरक पहिल्या ठोशातच कळतो. हौशी लढतीत जोराचा मार बसला की रेफरी उभ्याउभ्या आठ आकडे मोजून उसंत देतो, ती येथे नव्हती. दुसऱ्या फेरीत माझ्या बरगडीवर डावा हूक बसला तेव्हा तोल सावरण्याचे काम माझे मलाच करावे लागले. चौथ्या फेरीत मात्र त्याचे हात खाली येऊ लागले आणि माझा जॅब पोहोचत राहिला. दोन पंचांनी ३९-३७ असे मला दिले, तिसऱ्याने ३८-३८. निकालानंतर डॉक्टरांनी तपासले आणि सक्तीच्या विश्रांतीचा काळ कागदावर लिहून दिला. त्या काळात स्पारिंगही, म्हणजे सरावाची लढतही, करायची नसते.

बॉक्सरेकवर एक विजय दिसू लागताच निरोप येऊ लागले. त्यांतले बरेचसे परदेशातल्या स्थानिक बॉक्सरला प्रतिस्पर्धी हवा म्हणून, आणि जेमतेम आठवड्याभराच्या मुदतीने. बँकॉकच्या एका लढतीचे मानधन पहिल्या लढतीच्या कितीतरी पट होते. वहीप्रमाणे मी त्या दिवशी ५७.८ किलो होतो. इतक्या थोड्या दिवसांत ११८ मध्ये बसायचे तर पाणीच काढावे लागले असते, म्हणून सरांनी नकार कळवला. अशा नकारांमुळे लढती कमी मिळतात आणि पैसाही उशिरा येतो, यात शंका नाही. पण पराभवांची रांग लागलेल्या बॉक्सरला पुढे फक्त हरण्यासाठीच बोलावतात, हे आम्ही इतरांच्या नोंदींत पाहिले होते.

सध्या सहा फेऱ्यांच्या लढतीची बोलणी चालू आहेत. समोरच्या बाजूने १२० पौंडांचा मधला आकडा सुचवला आहे. आम्ही ११८ वर ठाम आहोत आणि लढतीच्या सकाळी दुसरे वजन घेऊन त्यावर दहा पौंडांची कमाल मर्यादा असावी, हे कलम लिहून मागितले आहे. ते मान्य झाले तर करारावर सही करू, नाहीतर १२२ च्या गटात जायचे की नाही, हे पुढच्या तीन महिन्यांच्या नोंदी पाहून ठरवू.