न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजीला अर्ज करण्याआधी हॉट लॅब कुठे आहे ते विचारा

प्रवेशाचा विचार सुरू झाला की बहुतेक मुलं आधी कॉलेजचं माहितीपत्रक उघडतात: फी किती, हॉस्टेल आहे का, कोर्स किती वर्षांचा. या क्षेत्रात सुरुवात उलट्या टोकाकडून करावी. न्यूक्लिअर मेडिसिन विभागात किरणोत्सर्गी औषध उघड्या स्वरूपात हाताळलं जातं. कुपीतून सिरिंजमध्ये, सिरिंजमधून रुग्णाच्या शिरेत. हे औषध जिथे तयार होतं ती खोली म्हणजे हॉट लॅब. अशा विभागाला अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे एईआरबीचा, परवाना लागतो. परवान्यासाठी रुग्णालय मंडळाच्या 'ई-लोरा' या ऑनलाइन प्रणालीत कर्मचाऱ्यांची माहिती आणि त्यांच्या पात्रतेची कागदपत्रं भरतं. तुमची पदवी मंडळाच्या अटींत बसत नसेल, तर तुम्हाला घ्यायची इच्छा असूनही रुग्णालयाला तुमचं नाव टेक्नॉलॉजिस्ट म्हणून दाखवता येत नाही. म्हणून कोणत्याही कोर्सबद्दल पहिला प्रश्न हाच: इथलं प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेली मुलं आज कोणत्या विभागात, ई-लोरावर टेक्नॉलॉजिस्ट म्हणून नोंदलेली आहेत? चांगल्या कॉलेजला याचं उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात.

इथे एक सापळा आहे. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरचा जुना, नावाजलेला डिप्लोमा 'डीएमआरआयटी' या नावाने ओळखला जातो. त्याचं पूर्ण नाव डिप्लोमा इन मेडिकल रेडिओआयसोटोप टेक्निक्स. हीच आद्याक्षरं एक्स-रे, सीटी, एमआरआय शिकवणारे कितीतरी रेडिओलॉजी डिप्लोमेही वापरतात. ते कोर्स वाईट नाहीत, पण ते वेगळ्या कामाचे आहेत. त्यांच्या आधारावर हॉट लॅबमध्ये उभं राहता येत नाही. प्रमाणपत्रावर कोर्सचं पूर्ण नाव काय छापलं जाणार आहे आणि पदवी कोणतं विद्यापीठ देणार आहे, हे दोन्ही लेखी मागा. 'रेडिओलॉजीतच न्यूक्लिअरचा एक पेपर आहे' या उत्तरावर समाधान मानू नका.

काम वेगळं म्हणजे किती वेगळं? सीटीमध्ये किरण यंत्रातून निघतात आणि बटण बंद केलं की थांबतात. इथे किरणांचा स्रोत रुग्णाच्या शरीरात असतो आणि यंत्र फक्त ते टिपतं. इंजेक्शन दिलेला रुग्ण प्रतीक्षाकक्षात बसलेला असतानाही स्रोतच असतो. त्यामुळे टेक्नॉलॉजिस्टचं अर्धं काम यंत्रासमोर नसतंच. ते औषध तयार करणं, मोजणं, वेळेचं गणित बसवणं, सांडलं तर आवरणं आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यात जातं. ज्यांना रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल मनापासून आवडत होतं, त्यांचं इथे चांगलं जमतं.

आता वाटा. बारावीनंतर थेट बी.एस्सी. न्यूक्लिअर मेडिसिन टेक्नॉलॉजी करता येतं. मणिपालचा अभ्यासक्रम या प्रकारातला जुना आणि माहितीतला. पदवीनंतर एम.एस्सी. हा दुसरा मार्ग: दिल्लीचं एम्स, चंडीगडचं पीजीआय, आणि मुंबईत होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटच्या छत्राखाली परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर. हे सेंटर बीएआरसीचं, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राचं. ते १९६३ मध्ये सुरू झालं आणि देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन (स्कॅनसाठीची किरणोत्सर्गी द्रव्यं बनवणारं यंत्र) २००२ मध्ये इथेच बसला. महाराष्ट्रातल्या मुलांना या शाखेचा एक फायदा घराजवळच आहे. देशात वापरलं जाणारं किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ ट्रॉम्बेच्या ध्रुव अणुभट्टीशी आणि वाशीच्या ब्रिटच्या (किरणोत्सर्गी औषधं पुरवणारी सरकारी संस्था) कामाशी जोडलेलं आहे, त्यामुळे या विषयातली जाणती माणसं मुंबईत एकवटलेली आहेत. मला विचाराल तर, भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्रात पदवी होत आलेली असेल तर एम.एस्सी.चीच वाट धरा. पुढे रेडिएशन सेफ्टी ऑफिसर व्हायचं तर तो पाया उपयोगी पडतो.

पात्रतेच्या अटीत सगळ्यात जास्त मुलं अडकतात ती पदवीच्या विषयांवर. बायोटेक किंवा मायक्रोबायोलॉजी घेतलेल्या मुलांना वाटतं, मेडिकलचा कोर्स आहे म्हणजे जीवशास्त्र पुरेल. पण जाहिरातीत पदवीला भौतिकशास्त्र किंवा रसायनशास्त्र मुख्य विषय हवा असं असेल, तर बारावीला ते होते हा मुद्दा चालत नाही. आपल्याकडे जुन्या तीन वर्षांच्या पदवीत पहिल्या वर्षी तीन विषय आणि तिसऱ्या वर्षी एकच, अशी रचना होती. त्यामुळे एखादा विषय कितव्या वर्षापर्यंत होता हे सगळ्या वर्षांच्या मार्कशीट समोर ठेवून तपासा आणि जाहिरातीतल्या शब्दांशी एकेक करून जुळवा. शंका असेल तर अर्जाची फी भरण्याआधी ईमेल करा. फोनवर मिळालेलं 'चालेल' कागदपत्र तपासणीच्या दिवशी कामाला येत नाही.

टक्केवारीचंही तसंच. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर तुमच्या विद्यापीठाचं रूपांतराचं अधिकृत सूत्र वापरा आणि ते सूत्र असलेलं पत्र किंवा मार्कशीटची मागची बाजू स्कॅन करून ठेवा. सरसकट दहाने गुणू नका. एक-दीड टक्क्याचा फरक पडला तरी अर्जातली माहिती चुकीची ठरते.

कागदपत्रांच्या बाबतीत महाराष्ट्रातल्या उमेदवारांचं नुकसान ठरलेल्या दोन-तीन जागी होतं. पहिली, नॉन-क्रिमीलेयर. राज्याच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्र सरकारच्या नमुन्यातलं ओबीसी प्रमाणपत्र लागतं, आणि सेतू केंद्रात अर्ज करतानाच तसं स्पष्ट सांगावं लागतं. दुसरी, प्रवर्गाची यादी. एसईबीसी, एसबीसी, व्हीजेएनटी हे महाराष्ट्राचे प्रवर्ग आहेत. केंद्राच्या अर्जात हे रकाने नसतात. तुमची जात केंद्रीय ओबीसी यादीत आहे का ते नावानिशी पाहा आणि त्यानुसार रकाना निवडा. ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र आर्थिक वर्षापुरतं असतं. मार्चमध्ये काढलेलं जूनच्या प्रवेशाला जुनं ठरू शकतं, तेव्हा जाहिरातीत कोणतं वर्ष मागितलंय ते बघूनच तहसीलला जा. तिसरी, नाव. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर शेवटी, पदवीवर आईचं नाव जोडलेलं. नुसता क्रम वेगळा असेल तर सहसा प्रतिज्ञापत्रावर भागतं. स्पेलिंग किंवा आडनावच वेगळं असेल तर राजपत्रातली नोंद हाताशी हवी, आणि ती एका आठवड्यात होत नाही. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, त्याचा अर्ज निकाल लागला की लगेच टाका.

कॉलेज बघायला जाल तेव्हा वर्ग आणि लायब्ररी नंतर बघा. आधी विचारा की विद्यार्थी कोणत्या रुग्णालयात काम शिकतात, तिथे गॅमा कॅमेरा आणि पेट-सीटी (शरीरातून येणारे किरण टिपणारी यंत्रं) दोन्ही आहेत का, टेक्नेशियमचा जनरेटर (ज्यातून हे किरणोत्सर्गी द्रव्य काढतात, म्हणजे 'दुहतात', ते उपकरण) येतो का की तयार डोस बाहेरून मागवले जातात. शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. काही केंद्रांत फक्त पेट-सीटी असतं आणि त्यासाठीचं एफडीजी, म्हणजे साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध, रोज सकाळी गाडीने येतं. तिथे शिकलेल्या मुलाने जनरेटर कधी दुहलेलाच नसतो, किटमध्ये लेबलिंग, म्हणजे टेक्नेशियम औषधाला जोडण्याचं काम, केलेलं नसतं. आयोडीनचे मोठे डोस देण्यासाठी आयसोलेशन वॉर्ड आणि सांडपाण्याची डिले टँक (किरणोत्सर्ग ओसरेपर्यंत ते साठवणारी टाकी) आहे का, हेही विचारा. आणि विद्यार्थ्याला टीएलडी बॅज (अंगावर किती किरण पडले ते मोजणारा) पहिल्या दिवसापासून मिळतो का? 'नंतर देतो' असं उत्तर आलं तर ते कॉलेज यादीतून काढा. बॅज नसताना हॉट लॅबमध्ये उभं करणारी संस्था तुम्हाला सुरक्षितता शिकवू शकणार नाही.

प्रवेश परीक्षेत पदवीपातळीचं भौतिक, रसायन आणि थोडं जीवशास्त्र येतं. पण ज्या गणितांवर हात बसायलाच हवा ती किरणोत्सर्गी क्षयाची. टेक्नेशियम-९९एमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ६ तास. सकाळी ८ वाजता २० मिलिक्युरी (किरणोत्सर्ग मोजण्याचं एकक) असेल तर दुपारी २ ला १०. हे सगळ्यांना येतं. ११ वाजता किती? १५ म्हणणारे चुकतात, कारण क्षय सरळ रेषेत होत नाही. अर्ध्या अर्धायुष्यात ०.७०७ पट उरतं, म्हणजे १४.१. फ्लोरीन-१८चं अर्धायुष्य ११० मिनिटं. ११ वाजता १० मिलिक्युरी द्यायचे असतील तर ९ वाजून १० मिनिटांनी २० हवेत. इथे मुलं तास आणि मिनिटं एकत्र करून घोळ घालतात. आधी सगळं एकाच एककात आणा. १ मिलिक्युरी म्हणजे ३७ मेगाबेकरेल, हे पाठच हवं. परिणामी अर्धायुष्याचं सूत्रही (दोन्हींचा गुणाकार भागिले बेरीज) असंच पाठ हवं: भौतिक ८ दिवस आणि जैविक (शरीरातून बाहेर पडण्याचं) २४ दिवस असेल तर परिणामी ६ दिवस. उत्तर दोन्हींपेक्षा कमीच यायला हवं. जास्त आलं तर सूत्र उलटं झालंय हे लगेच ओळखा. अंतराच्या वर्गाचा व्यस्त नियम आणि अर्धमूल्य जाडी (किरण निम्मे करणारी आवरणाची जाडी) यांवर रोज दोन-दोन गणितं सोडवली तर हा भाग पक्का होतो.

मुलाखतीत पाठांतर टिकत नाही. तिथे 'का' विचारतात. जनरेटरचंच घ्या. त्यात टेक्नेशियम मॉलिब्डेनम-९९पासून तयार होतं. मॉलिब्डेनम-९९चं अर्धायुष्य ६६ तास, म्हणून सोमवारी सकाळी ८ ला जेवढं होतं त्याच्या निम्मं गुरुवारी पहाटे २ ला उरतं. त्यातून टेक्नेशियम दुहताना थोडं मॉलिब्डेनम निसटून येऊ शकतं. रूढ मर्यादा दर मिलिक्युरी टेक्नेशियममागे ०.१५ मायक्रोक्युरी मॉलिब्डेनम. सकाळी मोजलं तेव्हा ०.१ आलं, म्हणजे ठीक. पण तीच कुपी दुपारी २ ला वापरायची तर? टेक्नेशियम निम्मं झालं, मॉलिब्डेनम जेमतेम ६ टक्के कमी झालं, गुणोत्तर ०.१९ च्या घरात गेलं. मर्यादा ओलांडली. हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की समोरच्यांना कळतं, या मुलाला विषय समजलाय.

दुसरा नेहमीचा प्रश्न: हाडांच्या स्कॅनमध्ये जठर आणि थायरॉइड दिसतंय, काय बिघडलं? एमडीपीला, म्हणजे हाडाकडे जाणाऱ्या औषधाला, न चिकटलेलं मोकळं टेक्नेशियम (परटेक्नेटेट) शरीरात गेलं. किटमधलं स्टॅनस टिन टेक्नेशियमला बांधण्याजोग्या अवस्थेत आणतं. कुपीत हवा शिरली की तेच ऑक्सिडाइज होतं आणि लेबलिंग अर्धवट राहतं. म्हणून किट करताना कुपीत हवा सोडायची नाही, आणि रुग्णाला देण्याआधी लेबलिंग किती झालं ते पाहायला क्रोमॅटोग्राफीची पट्टी लावायची. एफडीजीबद्दल विचारलं तर ४ ते ६ तास उपाशी का, साखर २०० च्या वर असेल तर स्कॅन पुढे का ढकलतात (साखर आणि एफडीजी पेशीत शिरायला एकाच दारासाठी धडपडतात), इंजेक्शननंतर तासभर गप्प, शांत का बसवतात, हे सांगता यायला हवं. बोलत राहिलेल्या रुग्णाच्या स्वरयंत्राचे स्नायू स्कॅनमध्ये उजळतात आणि अहवाल देणाऱ्या डॉक्टरला विनाकारण संशय येतो.

घरच्यांची भीती हा अर्जाच्या वाटेतला खरा अडथळा असतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत. 'पुढे मूलबाळ?' हा प्रश्न बाजूला सारू नका, आकडे सांगा. एईआरबीची मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या डोसचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३०. नीट चालवलेल्या विभागात टेक्नॉलॉजिस्टचा डोस याच्या बराच खाली राहतो. गर्भधारणा कळवली की त्यानंतर गर्भासाठीची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट, आणि काम त्याप्रमाणे बदलून द्यावं लागतं. जपायचं असतं ते हातांना. छातीवरच्या बॅजपेक्षा बोटांना किती तरी जास्त डोस मिळतो, म्हणून टंगस्टनचं सिरिंज शील्ड, चिमटा आणि अंगठीतला डोसिमीटर. शील्डमुळे हात जड होतो, सुरुवातीला शीर सापडत नाही, आणि घाईच्या सकाळी ते काढून ठेवायचा मोह होतो. पहिल्याच महिन्यात शील्डसकट शीर शोधायची सवय लावा, आधी साधं सलाइन भरलेल्या सिरिंजने.

निवड झाल्यावर वैद्यकीय तपासणी होते, त्यात रक्ताची तपासणी असते. तुमची मूळ पातळी तिथे नोंदली जाते, म्हणून त्या अहवालाची प्रत स्वतःकडे ठेवा. टीएलडी सुरू झाली की एक वैयक्तिक क्रमांक मिळतो आणि तुमच्या डोसची नोंद बीएआरसीच्या राष्ट्रीय नोंदवहीत त्याखाली साठत जाते. कॉलेज सोडताना, नोकरी बदलताना नवीन ठिकाणी हाच क्रमांक द्यायचा. नवा काढला तर आधीचा डोस वेगळ्या खात्यात राहतो आणि एकूण हिशेब जुळत नाही. पदवीच्या प्रमाणपत्राबरोबर तोही क्रमांक त्याच फाइलमध्ये लिहून ठेवा.